पट्टी मी काढली होती

दुपारचे अडीच वाजले होते. माझा नातू तेव्हा सव्वाचार वर्षांचा. उजव्या डोळ्यावर पट्टी लावलेली, वर चष्मा. स्वयंपाकघरातून बाहेर येताना तो उंबऱ्याला अडखळला. पडला नाही, पण भिंत धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, सगळं पुसल्यासारखं दिसतंय. काढ ना ही." मुलगी ऑफिसात, जावई फिरतीवर, घरात आम्ही दोघंच. मी पट्टी काढली. वर म्हटलं, "आईला सांगू नको हं."

दुसऱ्या दिवशी तो पट्टी लावल्यावर पाचव्या मिनिटाला माझ्याकडे आला. तिसऱ्या दिवशी मीच ती लावली नाही. संध्याकाळी मुलगी यायच्या आत एक कोरी पट्टी उलगडून, चुरगाळून केराच्या डब्यात टाकायची, इतपत मी सराईत झाले.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो तर तक्त्यावरची ओळ जिथल्या तिथे. डॉक्टर मॅडमनी शांतपणे विचारलं, "रोज दोन तास होतात ना?" मुलगी म्हणाली, "हो, आई असते घरी." मी पर्सची चेन लावत बसले. रिक्षात बसल्यावर तिला खरं सांगितलं. ती मला बोलली नाही. दत्त चौक येईपर्यंत काहीच बोलली नाही, आणि मला वाटतं, ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मी कराडात सव्वीस वर्षं बालवाडीत शिकवलं आहे. शेकडो पोरांची नाकं पुसली, शेकडो आयांना "मूल रडलं तरी दारातून मागं फिरू नका" असं सांगितलं. आणि स्वतःच्या नातवाच्या वेळी मी दारातूनच मागं फिरले. म्हणून हे लिहिते आहे ते आधी माझ्यासारख्या आज्यांसाठी आणि आजोबांसाठी, मग आईबापांसाठी, मग बालवाडीतल्या बाईंसाठी. डॉक्टरांना यातलं सगळं माहीत असतं; पण त्यांच्या वाट्याला मूल येतं तीन महिन्यांतून वीस मिनिटं. बाकीचा उपचार आपल्या घरात, दुपारी, कुणी बघत नसताना होतो. किंवा होत नाही.

माझी फसगत नेमकी कुठे झाली ते आधी सांगते. ताप आला, औषध दिलं की ताप उतरतो. मुलाला बरं वाटतं आणि आपल्यालाही. पट्टीचं उलटं आहे. पट्टी लावण्याआधी मूल छान खेळत असतं. पट्टी लावली की त्याचा चांगला डोळा बंद होतो आणि त्याला अधू डोळ्यावर कारभार चालवावा लागतो. म्हणजे आपल्या नजरेसमोर, आपल्याच हातानं, ते रोज दोन तास जास्त वाईट बघू लागतं. ते चिडतं, रडतं, पट्टी ओढतं. आपण म्हणतो हट्टी आहे. तुम्ही शेजाऱ्याचा जाड भिंगाचा चष्मा घालून सुईत दोरा ओवून बघा, आणि कुणी म्हणालं "आता दोन तास असंच राहा", तर तुम्ही काय कराल? तो हट्ट नसतो. त्याला खरंच दिसत नसतं. हे एकदा मनात पक्कं बसलं की आपण रागावत नाही, आणि पट्टीही काढत नाही.

अशा अधू डोळ्याला लोक आळशी डोळा म्हणतात. मला ते नाव आवडत नाही, कारण लहान मुलासमोर ते दहा वेळा उच्चारलं की मूल स्वतःलाच आळशी समजू लागतं. नातवाच्या उजव्या डोळ्याचा नंबर होता अधिक दीड आणि डाव्याचा अधिक पाच. उजव्याकडून मेंदूला बऱ्यापैकी स्वच्छ चित्र जायचं, डाव्याकडून धूसर. मेंदू व्यवहारी असतो. त्यानं स्वच्छ चित्र घेतलं आणि दुसरीकडे लक्ष देणं सोडून दिलं. डावा डोळा आतून बाहेरून धडधाकट होता, पण मेंदूत त्याचं कुणी ऐकत नव्हतं. डोळा तिरळा असला तरी असंच होतं, कारण दोन डोळे दोन वेगळी चित्रं पाठवतात आणि गोंधळ नको म्हणून मेंदू एक बंद करतो. जन्मतःच मोतीबिंदू असेल किंवा वरची पापणी बाहुलीवर लोंबत असेल तरी हेच, आणि जास्त वेगानं.

हे कसं कळलं त्याची गोष्ट मोठी आहे, थोडक्यात सांगते. हार्वर्डमध्ये डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोघांनी 1960च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने शिवून बंद ठेवला. नंतर उघडला तेव्हा डोळा नीट होता, पण मेंदूतला बघण्याचा भाग त्या डोळ्याला जवळजवळ ओळखच देईना. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर काही बिघडत नव्हतं. म्हणजे मेंदू बघायला शिकतो तो लहानपणी. पुढे 1981मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पिल्लांची मला अजून दया येते, पण आज आपल्या पोरांच्या डोळ्यांबाबत डॉक्टर घाई करतात त्याचं मूळ तिथे आहे.

आता सगळ्यात लाज वाटावी अशी गोष्ट. नातवाचा डावा डोळा अधू आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सव्वीस वर्षं मुलांबरोबर घालवलेल्या बाईच्या. येणार कसं? दोन्ही डोळे उघडे असताना मूल उजव्यानं बघतं, चेंडू पकडतं, सुईएवढी मुंगी दाखवतं. ते तक्रारही करत नाही, कारण जन्मापासून त्याला एवढंच ठाऊक असतं. टीव्हीजवळ जाऊन बसणं, मान वाकडी करून बघणं, उन्हात एक डोळा मिटणं ही लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. पण काहीच लक्षण नसणं हाही पुरावा नव्हे. नातवाच्या खेळवर्गात डोळे तपासायला माणसं आली होती. डावा डोळा झाकला तेव्हा हा पटापट बोटं दाखवत होता. उजवा झाकल्यावर त्यानं झाकणाऱ्या ताईंचा हात बाजूला सारला आणि फटीतून बघितलं. त्या ताईंनी ते पाहिलं म्हणून आम्हाला कळलं.

तेव्हा पहिली विनंती ही: मूल तीन-साडेतीन वर्षांचं झालं की, तक्रार असो नसो, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या. अक्षरं येत नाहीत ही अडचण नाही. घर, सफरचंद, गोल, चौकोन अशी चित्रं असतात, किंवा ई या इंग्रजी अक्षराचे दात कुठल्या बाजूला आहेत ते तीन बोटांनी दाखवायचं असतं. घरी आदल्या दिवशी या तीन बोटांचा खेळ खेळून गेलात तर तपासणी निम्म्या वेळात होते. एक सावधगिरी मात्र बाळगा. पोरं तक्ता पाठ करतात! दोन वेळा तोच तक्ता बघितला की तिसऱ्या वेळी न बघता म्हणून दाखवतात, आणि आपण कौतुकानं मान डोलावतो.

काही वेळा तीन वर्षांची वाट बघायची नसते. फोटोत किंवा दिव्याच्या उजेडात बाहुली पांढरी चमकली, तर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका, दुसऱ्याच दिवशी दाखवा. मागे मोतीबिंदू असू शकतो किंवा त्याहून गंभीर काही. नवजात बाळाचे डोळे पहिले काही आठवडे इकडेतिकडे जातात, ते चालतं. पण चार महिन्यांनंतरही डोळा तिरळा जात असेल तर "मोठेपणी सरळ होईल" म्हणत बसू नका. काही घरांत किंचित तिरळा डोळा भाग्याचा मानतात. ते भाग्य डॉक्टरांना दाखवून मग मिरवा. आणि बाळ चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, तर त्याचा डोळ्यांचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासून घ्यायचा असतो. फारच लहान बाळांचा त्याहून आधी. काचपेटीतून बाळ सुखरूप घरी आलं या आनंदात नेमकी ही तारीख चुकते.

तपासणीच्या आधी मुलांना बहुधा मलम किंवा थेंब देतात. आम्हाला मलम दिलं होतं, तीन दिवस घरी घालायला. त्यानं बाहुली मोठी होते, डोळ्याचा आतला स्नायू सैलावतो आणि खरा नंबर सापडतो. नाहीतर लहान मुलाचा डोळा जोर लावून नंबर लपवतो. याचा परिणाम आठवडा-दहा दिवस, कधी जास्तही राहतो. ऊन सहन होत नाही, पुस्तकातली चित्रं पुसट होतात. हे मुलाला आधी सांगा. आम्ही सांगितलं नव्हतं, आणि त्यानं आपलं हत्तीचं पुस्तक उघडून जो हंबरडा फोडला तो शेजारच्या वहिनींनी ऐकला. मलम लावलं की हात धुवा आणि ट्यूब उंचावर ठेवा. तोंडात गेलं तर ते विष आहे. चेहरा लाल झाला, अंग तापलं, मूल बरळायला लागलं तर पुढचा डोस देऊ नका आणि लगेच डॉक्टरांना गाठा.

मग चष्मा. पट्टीच्या आधी चष्मा, हे लक्षात ठेवा. बऱ्याच लोकांना वाटतं, चष्मा म्हणजे सोय आणि पट्टी म्हणजे उपचार. चष्मा हाच पहिला उपचार आहे. दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असलेल्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात चारांतल्या साधारण एकाला निव्वळ चष्म्यानं पुरता गुण आला, पट्टी लागलीच नाही. म्हणून डॉक्टर कधी कधी तीन-चार महिने फक्त चष्मा वापरायला सांगतात. तेव्हा "काहीच करत नाहीत" म्हणून डॉक्टर बदलू नका. आमच्याकडे चष्म्यानं डाव्या डोळ्याची तक्त्यावर सहा-छत्तीसवरून सहा-चोवीसपर्यंत मजल गेली आणि तिथे गाडी अडली. मग पट्टी आली.

फ्रेमच्या बाबतीत मी जरा भांडखोर आहे. दुकानदार "वाढत्या अंगाचं आहे, थोडी मोठी घ्या" म्हणतात. चष्मा म्हणजे शाळेचा गणवेश नव्हे. मोठी फ्रेम नाकावरून घसरते, मूल भिंगाच्या वरून बघतं आणि पाच हजारांचा चष्मा नाकाचा दागिना होतो. बाहुली काचेच्या मध्यावर आली पाहिजे, दांडी कानामागे टोचता कामा नये. लहान नाकाला मऊ रबरासारखी, सबंध एका तुकड्याची फ्रेम बरी पडते; मागून इलॅस्टिकचा पट्टा लावता येतो. काच नको, पॉलिकार्बोनेटचं न फुटणारं भिंग मागा. आणि रंग मुलाला निवडू द्या. आमच्या वीरानं भडक नारिंगी निवडली. मला ती बघवत नव्हती. ती माझ्या नाकावर बसायची नव्हती, म्हणून गप्प बसले.

पहिल्या आठवड्यात मूल चष्मा काढून फेकतं. फेकला की उचलायचा, पुसायचा, परत घालायचा. आवाज न चढवता, भाषण न देता, जसं पायातली चप्पल उलटी घातली तर आपण सरळ करतो तसं. सकाळी डोळे उघडले की चष्मा, झोपताना काढायचा, आणि त्याची एक ठरलेली डबी. प्लसचा नंबर असलेल्या मुलाला पहिले काही दिवस चष्म्यातून उलट धूसर वाटू शकतं, कारण डोळ्याला जोर लावायची सवय मोडायची असते. पंधरा दिवस झाले तरी मूल चष्म्यातून बघायलाच तयार नसेल, तर मात्र हट्ट धरू नका. नंबर आणि फ्रेम पुन्हा तपासून आणा. चूक चष्मेवाल्याकडूनही होते.

आता पट्टी. इथे मी सावकाश बोलणार आहे.

पट्टी किती वेळ, हे डॉक्टर ठरवतील. पूर्वी दिवसदिवस डोळा बांधून ठेवत. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका गटानं 2003मध्ये दाखवून दिलं की मध्यम प्रकारच्या दोषात दोन तासांनी जितका फायदा होतो तितकाच सहा तासांनी. आम्हाला दोनच तास सांगितले होते. पण दोन तास म्हणजे एकशे वीस मिनिटं, पट्टी डोळ्यावर आणि डोळा उघडा. झोपेतला वेळ धरायचा नाही. लंडनच्या संशोधकांनी पट्टीत वेळ मोजणारं छोटं यंत्र बसवून बघितलं, तर घरोघरी सांगितल्याच्या साधारण निम्माच वेळ भरत होता. म्हणजे लंडनमध्येही आज्या असतात.

आम्ही पुन्हा सुरुवात केली ती वेळ बदलून. दुपारी अडीचला मूल पेंगुळलेलं, भुकेलं; ती वेळच चुकीची होती. आम्ही सकाळी नाश्ता झाल्यावरची वेळ धरली. पहिले चार दिवस वीस मिनिटं, मग पाऊण तास, असं दहा-बारा दिवसांत दोन तासांवर नेलं; तेही डॉक्टरांना विचारून. स्वयंपाकघरातल्या घड्याळावर लाल टिकली चिकटवली. काटा टिकलीवर आला की पट्टी काढायची, एक मिनिट जास्त नाही. ही बोली आपण पाळली तरच मूल पाळतं. "अजून थोडा वेळ राहू दे ना राजा" म्हणालात की दुसऱ्या दिवशी तो घड्याळावर विश्वास ठेवणार नाही.

पट्टी कातडीला चिकटवायची, चष्म्याच्या काचेला नाही. काचेला लावली की पोरं नाकाच्या बाजूनं डोकावतात. मी पाहिलंय, मान अशी तिरकी करतात की वाटावं फार विचारात आहेत. चष्मा पट्टीच्या वरून घालायचाच, कारण उघड्या डोळ्याला नंबर लागतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात घामानं पट्टी सुटते आणि खाली पुरळ येतं. लावण्याआधी चेहरा धुऊन कोरडा करा, तेल-पावडर नको, पंख्याखाली बसवा, रोज पट्टीचा कोन जरा बदला. काढताना कडा ओल्या कापसानं भिजवा आणि सावकाश सोलून काढा. झटका देऊन काढलीत तर उद्याची पट्टी तुम्हीच महाग केलीत. कातडी सोलवटली तर दोन-तीन दिवस थांबा आणि डॉक्टरांना फोन करा. त्यांच्याकडे दुसरे मार्ग असतात.

त्यातला एक मार्ग म्हणजे चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपीनचे थेंब. थेंबानं त्या डोळ्याला जवळचं पुसट दिसतं आणि कमजोर डोळ्याला कामाला लागावं लागतं. चारशेहून जास्त मुलांवर झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांनी पट्टी आणि थेंब जवळजवळ बरोबरीत आले. पट्टीवरून रोज लढाई होत असेल तर संकोच न करता थेंबांबद्दल विचारा. मात्र शेजारच्या मुलीला मायनस नंबर वाढू नये म्हणून दिलेले अ‍ॅट्रोपीन फार पातळ असतं. नाव एक, काम वेगळं. एकमेकांच्या बाटल्या वापरू नका.

दोन तासांत करायचं काय? मी शिक्षिका, मला वाटलं मणी ओवायला लावावेत, ठिपके जोडायला लावावेत. लावले. अर्ध्या तासात मणी घरभर. नंतर कळलं की जवळचं बारीक कामच केलं पाहिजे असं काही नाही, हेही अभ्यासून झालंय. मूल जागं हवं, डोळा वापरात हवा. मग आम्ही मटार सोलले, चिंचोक्यांनी पट खेळलो, मी पोळ्या लाटताना त्याला कणकेचा गोळा दिला. पाऊस असेल तेव्हा कार्टूनही लावलं, आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. पट्टीच्या वेळी जिने, रस्ता, सायकल, गॅसजवळची लुडबुड नको. एका डोळ्यानं खोलीचा अंदाज चुकतो, आणि तो डोळा अधू असला तर जास्तच. पाणी ओतताना पेल्याबाहेर गेलं तर "नीट बघ" म्हणू नका. तो तेच करतोय.

मुलाशी खरं बोला. "दुखणार नाही" हे खरं आहे, सांगा. "छान दिसेल" हे खोटं आहे, सांगू नका. मी त्याला म्हटलं, "पट्टी लावली की पुसट दिसेल, मला माहितीये. तुझ्या डाव्या डोळ्याला सराव नाही. सराव झाला की पुसट कमी होईल. काट्यानं टिकली गाठली की मी काढीन." त्यावर त्यानं विचारलं, "तू आईला न सांगता काढशील?" मी म्हटलं, "नाही. ती माझी चूक होती." चार वर्षांच्या मुलापुढे चूक कबूल करायला जड जातं, पण त्या दिवसापासून माझ्याकडे येऊन "काढ" म्हणणं थांबलं, कारण दार बंद झालंय हे त्याला कळलं. बक्षिसाचं म्हणाल तर रोज चॉकलेट नको, नाहीतर डोळा सुधारेल आणि दात जातील. आम्ही कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात त्याला बोटाचा ठसा उमटवू द्यायचो, कुंकवाचा. आणि "चष्मा लावला नाहीस तर आंधळा होशील" ही धमकी तर कधीच नको. रात्री दिवे गेल्यावर मूल त्या वाक्याबरोबर एकटं असतं.

बालवाडीच्या बाईंनो, तुमच्या वर्गात पट्टीवालं मूल आलं तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाका. मी सांगायचे, "याचा उजवा डोळा खूप काम करतो, म्हणून त्याला आज सुट्टी. डावा शाळेला आलाय." पोरं हसतात, हात लावून बघतात, आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. लहान मुलांचं कुतूहल एक दिवस टिकतं, मोठ्यांचं वर्षभर. "चष्मिस", "बॅटरी", "ढापण्या" हे शब्द पोरांना आपोआप सुचत नाहीत, घरच्या ओट्यावरून येतात. मुलाला पुढे बसवा, चष्मा काढून ठेवू देऊ नका, आणि मैदानावर काढला तर तो कुठे ठेवलाय ते तुम्हाला माहीत असू द्या.

लग्नकार्यात मात्र कसोटी लागते. आमच्या एका बारशाला एक मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, एवढ्याशा जिवाला चष्मा! बघवत नाही गं." मूल तिथंच उभं. मी म्हटलं, "त्याला आता बघवतं, मावशी." जरा तोडून बोलले, पण पर्याय नव्हता, आपण त्या क्षणी ओशाळलो तर मूल ओशाळायला शिकतं. मुलगी असेल तर "पुढं लग्नाचं काय" हे हमखास येतं. फोटोपुरता चष्मा काढ, पाहुणे गेल्यावर पट्टी लाव, असं करता करता वर्षं जातात. चष्मा पुढे बदलता येतो, वयात आल्यावर लेन्स लावता येतात. लहानपणी न शिकलेला डोळा मोठेपणी कुठल्याच लेन्सनं पुरता शिकत नाही. पोलीसभरती असो, रेल्वे असो, दोन्ही डोळ्यांची नजर तिथे मोजतात.

घरगुती उपायांवर फार वेळ घालवत नाही. गाजर, बदाम, शेवग्याचा पाला जरूर द्या. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं रातांधळेपणा येतो हे खरं, आणि म्हणूनच नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत त्याचे नऊ डोस सरकार देतं, ते चुकवू नका. पण गाजरानं नंबर उतरत नाही. मध, दूध, तूप, कापूर डोळ्यात घालू नका. काजळानं डोळा मोठा होत नाही, लाल मात्र होतो.

पैशाची काळजी असेल तर अंगणवाडीतून सुरुवात करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो आपल्या पालघरहून. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, डोळेही बघतं, आणि पुढचे उपचार मोफत असतात. तारीख अंगणवाडीताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. तपासणीत काही निघालं तर जो कागद हातात देतात तो घेऊन जिल्हा रुग्णालयात जाणं हे आपलं काम. तो कागद पुष्कळ घरांत फडताळात पडून राहतो.

"सात वर्षं उलटली, आता काही होत नाही" असं कुणी म्हणालं तर तिथे थांबू नका. लवकर केलेलं जास्त फळतं हे खरंच. पण सात ते सतरा वयाच्या मुलांवरही उपचार करून बघितलेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना फायदा झालाय. आणि दुसऱ्या टोकाला, डोळा सुधारला म्हणून आपल्या मनानं पट्टी बंद करू नका. उपचार थांबवल्यावर वर्षभरात साधारण चारांतल्या एका मुलाची नजर पुन्हा घसरते. डॉक्टर पट्टी हळूहळू कमी करत आणतात आणि नंतरही बोलावत राहतात, ते त्यासाठी.

नातू आता आठव्या वर्षात आहे, म्हणजे सात पूर्ण. डावा डोळा सहा-नऊवर आहे. डॉक्टर मॅडम म्हणतात, एवढ्यावर समाधान मानू. शेवटची ओळ कदाचित येणार नाही. ती ओळ माझ्या त्या तीन महिन्यांत गेली का, हे मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी पुढची तारीख लिहून दिली.

एक डोळा कमजोर म्हणजे दुसरा जास्त जपायला हवा, म्हणून क्रिकेट खेळताना चष्मा पट्ट्यासकट डोळ्यांवरच असतो. हा तिसरा चष्मा, यंदा निळा. घामानं इलॅस्टिक दोन महिन्यांत सैल पडतं, तेव्हा मी शिवणाच्या डब्यातून नवं काढून घालून देते. तो ओट्यावर बसून माझ्याकडे बघत असतो आणि म्हणतो, "आजी, घट्ट शिव."